जुना मेकॅनिकल कीबोर्ड : आधी तपासा, मग धुवा

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले ओळखीचे लोक माझ्याकडे जुने मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेले, घेऊन येतात. कुणी बंद पडलेल्या टायपिंग क्लासातला, कुणी डीटीपी सेंटरमधला, कुणी सोसायटीच्या कचेरीतला, तर कुणी भंगारात किलोवर मिळालेला. यातले बरेचसे वयाने मेलेले नसतात. घरी आणून हौसेने धुताना, शिलाई मशीनचं तेल सोडताना किंवा गॅरेजच्या हवेने फुंकताना मेलेले असतात. चूक बहुतेक वेळा एकच असते. काय बिघडलंय ते न बघता लोक आधी स्वच्छ करायला घेतात. मग एखादं बटण चाललं नाही की ते मुळातच बंद होतं की धुण्याने बंद पडलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून या लेखात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. ओळख, चाचणी, कोरडी झाडलोट, ओलं काम, दुरुस्ती, वाळवण, जोडणी आणि पुन्हा चाचणी. मधला एकही टप्पा गाळू नका, मागेपुढे तर मुळीच करू नका.

## तयारी : महिना, जागा आणि हत्यारं

पहिली तयारी महिन्याची. मृग लागला की ओलं काम बंद ठेवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, जांबोटी-खानापूरकडे तर चार दिवस. मग स्विचच्या पोटातलं पाणी कसं वाळणार? ओळख, चाचणी आणि कोरडी झाडलोट पावसात करता येते. धुणं आणि वाळवण दसऱ्यानंतर काढा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ, हवा कोरडी असते आणि ऊन प्लास्टिक वाकवण्याइतकं कडक नसतं.

जागा म्हणजे एक टेबल, त्यावर पांढरा पंचा. पांढऱ्यावर पडलेली स्प्रिंग दिसते, सतरंजीवर पडलेली सापडत नाही. स्क्रूंसाठी बर्फाचा ट्रे घ्या, प्रत्येक खणात एका जागेचे स्क्रू.

हत्यारं फार लागत नाहीत. कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, काढायला तारेचा चिमटा हवा. नसेल तर दोन जाड पेपर क्लिपा सरळ करून यू आकारात वाकवा आणि टोकं आत वळवा. बाजारात मिळणारा गोल प्लास्टिकचा चिमटा कॅपच्या बाजूंवर ओरखडे काढतो, तो टाळा. चांगला स्क्रू ड्रायव्हर, मऊ रंगाचा ब्रश, जुना मऊ टूथब्रश, कॅमेऱ्याची काच झटकायचा रबरी फुगा, बारीक टोकाचे दोन चिमटे आणि मल्टिमीटर घ्या. दुरुस्तीची वेळ आली तर तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, रोझिन फ्लक्स आणि ६०/४० सोल्डर. शेवटची वस्तू ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

सावधान : हाताला लावायचं सॅनिटायझर त्याऐवजी वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. अल्कोहोल उडून जातं, ग्लिसरीन स्विचमध्ये चिकट राहतं. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन तर टेबलाजवळही आणू नका, कीबोर्डचं एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं.

## टप्पा १ : हातात काय आहे ते ओळखा

जड आहे, जुना आहे, पांढरट आहे, म्हणजे मेकॅनिकल असेलच असं नाही. कोपऱ्यातलं एक बटण सरळ वर ओढून काढा आणि खाली बघा.

खाली मऊ रबराची वाटी दिसली तर तो रबर डोमचा कीबोर्ड. तो साफ करता येतो, पण पुढचा अर्धा लेख त्याला लागू नाही. अधिक चिन्हासारखा दांडा दिसला तर चेरी कंपनीचा एमएक्स किंवा त्याच्या जातीचा स्विच. दांड्याचा रंग लिहून ठेवा : निळा म्हणजे टकटक आवाजाचा, तपकिरी म्हणजे बिनआवाजाचा पण बोटाला मध्येच अडथळा जाणवणारा, काळा म्हणजे सरळ खाली जाणारा आणि जड. आडवी चौकोनी खाच दिसली तर आल्प्स जातीचा. नळीतून नुसती स्प्रिंग वर आलेली दिसली तर तुमचं नशीब चांगलं. ती बकलिंग स्प्रिंग, आयबीएमच्या मॉडेल एम किंवा त्याआधीच्या मॉडेल एफमध्ये असते.

आपल्या भागात सगळ्यात जास्त हाताला लागतो तो टीव्हीएस गोल्ड. आरक्षण खिडक्या, बँका, टायपिंग क्लास, डीटीपीची दुकानं, सगळीकडे तो होता. जुन्या गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच आहेत. आपल्याकडची माणसं त्याला भंगार समजून देऊन टाकतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. तो उघडून नीट केला तर अजून कित्येक वर्षं रोज चालेल.

आता वायरचं टोक बघा. अंगठ्याएवढा गोल, ५ पिनांचा मोठा प्लग म्हणजे डिन. छोटा गोल, ६ पिनांचा म्हणजे पीएस-टू. छोटा गोलच पण ४ पिनांचा असेल तर तो अॅपलचा एडीबी, तो पीएस-टूच्या भोकात दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. मोठ्या डिन प्लगमध्ये एक फसवणूक आहे. पहिल्या पीसी-एक्सटीच्या काळातला आणि नंतरच्या एटीचा प्लग दिसायला हुबेहूब एक, पण बोलायची पद्धत वेगळी. एटीचा कीबोर्ड साध्या डिन-ते-पीएस-टू अडॅप्टरवर चालतो, एक्सटीचा चालत नाही. काही कीबोर्डांच्या पोटाखाली X आणि A लिहिलेली छोटी दांडी असते. ती A कडे सरकवा.

तपासणी : पुढे जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात. स्विचची जात, दांड्याचा रंग, प्लगचा प्रकार. शिवाय वरून, खालून आणि मागच्या लेबलचा फोटो. कॅप काढल्यावर ‘बॅकस्लॅश कुठे होतं’ हे कुणालाही आठवत नाही.

## टप्पा २ : न उघडता पहिली चाचणी

हा टप्पा सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त काम इथेच होतं.

पीएस-टूचा कीबोर्ड जोडताना कॉम्प्युटर पूर्ण बंद हवा. चालू मशीनमध्ये तो जोडण्या-काढण्यासाठी बनलेलाच नाही, मदरबोर्डवरचा फ्यूज जाऊ शकतो. जोडा, मग मशीन चालू करा आणि कीबोर्डच्या दिव्यांकडे बघा. नम, कॅप्स आणि स्क्रोलचे दिवे एकदा लुकलुकून विझले तर कीबोर्डच्या मेंदूने स्वतःची तपासणी केली आहे. वीज पोचते, कंट्रोलर जिवंत आहे.

लॅपटॉपला जोडायचा असेल तर इथे पुन्हा एक नेहमीची चूक होते. माउसबरोबर आलेला जांभळा किंवा हिरवा छोटा पीएस-टू-ते-यूएसबी जोड लावतात, काही उमटत नाही, आणि कीबोर्ड मेला असं ठरवतात. तो जोड म्हणजे नुसत्या तारा. पीएस-टू आणि यूएसबी या दोन्ही भाषा येणाऱ्या कीबोर्डांसाठीच तो बनलेला आहे. जुन्याला आत चिप असलेला, खरा भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. आयबीएम मॉडेल एम तर विजेलाही जरा खादाड, स्वस्तातल्या काही कन्व्हर्टरवर तो चालता चालता थांबतो. तेव्हा कन्व्हर्टर बदलून बघितल्याशिवाय कीबोर्डला दोष देऊ नका.

आता कागदावर कीबोर्डचा नकाशा काढा. हाताने चौकोन काढले तरी चालतील. कोणती कळ दाबली हे पडद्यावर दाखवणारा कळ-तपासणी प्रोग्राम उघडा आणि प्रत्येक बटण पाच वेळा दाबा : दोनदा हळू, दोनदा जोरात, एकदा कडेला. चौकोनात खूण करा. चालतं तिथे बरोबर, अजिबात नाही तिथे फुली, एकदा दाबून दोनदा उमटतं तिथे दोन टिंबं, अडकून राहतं तिथे गोल. शेवटी कागदावर तारीख घाला. हा कागद कामाच्या शेवटपर्यंत टेबलावर राहणार आहे.

## टप्पा ३ : नकाशा वाचा

फुल्या कुठे पडल्या त्यावरून आजार कळतो.

एकच फुली, आजूबाजूचं सगळं ठीक : दोष त्या एका स्विचमध्ये. दोन टिंबं असली तरी तेच, आतले संपर्क मळले आहेत.

पाच-सात फुल्या, विखुरलेल्या, पण सगळ्या पक्क्या बंद : इथे लोक पाच-सात स्विच बदलायला घेतात. थांबा. कीबोर्डच्या आत आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि एकेका रेघेवर अनेक बटणं असतात. त्या रेघा बटणांच्या ओळींसारख्या सरळ नसतात, म्हणून फुल्या विखुरलेल्या दिसतात. या सगळ्या बटणांची एक रेघ कुठेतरी तुटली आहे. बहुतेक वेळा चहा सांडून गंजलेली, कधी स्क्रूच्या भोकाजवळ खरवडलेली. एका तारेच्या तुकड्याने सात बटणं परत येतात.

सगळंच बंद, दिवेही नाहीत : आधी वायर. ती पेटीत शिरते त्या मानेपाशी वाकवून वाकवून तुटते. मल्टिमीटर बीपवर ठेवा, म्हणजे तार अखंड असली की तो वाजतो; एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं आत बोर्डावरच्या तारेला, आणि बीप वाजत असताना मान हलवा. मोठ्या डिनमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ जमीन (ग्राउंड), ५ वर पाच व्होल्ट. पीएस-टूमध्ये १ डेटा, ३ जमीन, ४ वर पाच व्होल्ट, ५ क्लॉक. आवाज तुटला तर मानेपासून दोन इंच कापून पुन्हा जोडा. माझ्याकडे ‘पूर्ण मेलेले’ म्हणून आलेल्यांत हा दोष वारंवार निघाला आहे.

दिवे लागतात पण एकही अक्षर नाही : कन्व्हर्टर किंवा भाषेचा घोळ. टप्पा १ आणि २ कडे परत जा.

तपासणी : कागदाखाली एक वाक्य लिहा : ‘माझ्या मते दोष अमुक ठिकाणी आहे.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून उघडायची वेळ आलेली नाही.

## टप्पा ४ : कॅप काढणं आणि कोरडी झाडलोट

तारेचा चिमटा कॅपच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांखाली घाला आणि सरळ वर ओढा. स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नका. आल्प्सचा दांडा त्याने चिरतो, चेरीचा वाकतो. स्पेसबार, एंटर, शिफ्ट, नंबरपॅडचं अधिक, यांच्याखाली समतोलाची तार असते. दोन्ही टोकं थोडी थोडी आळीपाळीने उचला, तार सुटताना हाताला कळते. तारेबरोबर प्लास्टिकचे छोटे तुकडेही निघतात, ते ट्रेच्या वेगळ्या खणात ठेवा. ते हरवले तर नवे मिळवणं फार जिकिरीचं.

आता कीबोर्ड उलटा धरून हळू थोपटा, मग ब्रश, मग फुगा. व्हॅक्यूम असेल तर तोंडाला जुना पायमोजा बांधून वापरा. हे काम घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून करा. निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतून आलेला कीबोर्ड मी घरात झटकला होता; सगळी खोली दिवसभर शिंकत होती. प्रत्येक गावची धूळ वेगळी, हे उघडायला लागल्यावर कळतं. तंबाखूची धूळ बारीक आणि किंचित चिकट, ती ब्रशने दोनदा काढावी लागते. साखर कारखान्याच्या कचेरीतल्या कीबोर्डात गळीत हंगामाची काजळी असते. ती घासली की पसरते, म्हणून आधी फुगा, नंतर ब्रश. खानापूरची तांबडी माती मात्र कोरडी असेपर्यंत सहज निघते, एकदा ओली झाली की तिचा गारा होतो आणि तो स्विचमध्ये उतरतो. धुणं झाडलोटीनंतर का, त्याचं उत्तर इथे आहे.

सावधान : पंक्चरच्या दुकानातल्या किंवा कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या हवेबरोबर तेलाचे थेंब आणि पाणी येतं. एकदा घाईत मी स्वतः एका ओळखीच्या गॅरेजमध्ये हे केलं. दोन सेकंदांत कीबोर्ड चकाचक झाला आणि आठवड्याभरात अठरा बटणं चिकट झाली. तेलात बसलेली धूळ काढायला प्रत्येक स्विच उघडावा लागला.

## टप्पा ५ : ओलं काम

कॅप आधी मोजा. १०१, १०४, जितक्या निघाल्या तितक्या कागदावर लिहा. जाळीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून चार-पाच तास ठेवा. हाताला सहन होईल इतकंच गरम, उकळतं पाणी नाही. एबीएस मऊ पडतं आणि स्पेसबार केळ्यासारखा वाकतो. मग एकेक कॅप टूथब्रशने घासा.

घासण्याआधी अक्षरं कशी आहेत ते बघा. नख फिरवल्यावर उंचवटा लागला तर ती वरून छापलेली. ब्रश हलका ठेवा, आधी कमी वापरातल्या एका बटणावर करून बघा. अक्षर प्लास्टिकच्या पोटात रंग मुरवून किंवा दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक ओतून केलेलं असेल तर निर्धास्त घासा. देवनागरी अक्षरं असलेल्या कीबोर्डांना जास्त जपा. ती अक्षरं गेली की तसा सुटा कॅप मिळत नाही.

वाळवताना कॅप तोंड खाली करून चाळणीवर पसरा, म्हणजे दांड्याच्या भोकातलं पाणी निथळेल. सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण २४ तास. गच्चीवरच्या उन्हात ठेवू नका. पेटीचे वरचे-खालचे प्लास्टिक भाग त्याच साबणाने धुवा, फक्त मागच्या लेबलवर पाणी जाऊ देऊ नका.

पिवळेपणाबद्दल थोडक्यात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी पिवळं पडलेलं एबीएस पुन्हा पांढरं होतं हे खरं आहे. औषध दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं द्रावण, हातमोजे आणि चष्मा घालून, पारदर्शक झाकणाच्या डब्यात भाग पूर्ण बुडवून, तासाभराने फिरवत. क्रीम लावून प्लास्टिकने गुंडाळलं तर जिथे बुडबुडा राहतो तिथे डाग पडतो. पण हे पांढरेपण टिकेलच असं नाही, काही काळाने पिवळेपणा परत येतो, आणि रंगीत कॅप फिके पडतात. मी स्वतः फक्त स्पेसबार आजूबाजूच्या बटणांहून फारच वेगळा दिसत असेल तर करतो. बाकी पिवळेपणा राहू देतो. त्याने टायपिंगला काही होत नाही.

## टप्पा ६ : स्विच

आता टप्पा २ चा कागद समोर घ्या. फुली, टिंबं किंवा गोल असलेल्या स्विचनाच हात लावा, चालणाऱ्यांना नाही.

चेरी जातीचा स्विच. वायर काढून ठेवा. दांडा खाली दाबून धरा, फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, शंभर वेळा भराभर दाबा. अर्धा तास उघडा ठेवा, मग पुन्हा चाचणी. दोन टिंबांचे बरेचसे रोगी इथेच बरे होतात. एकदा नाही झालं तर दुसऱ्या दिवशी परत करा.

तरीही बंद असेल तर बोर्डाच्या मागून एक सोपी परीक्षा करा. कीबोर्ड जोडलेला असताना त्या स्विचचे दोन धातूचे पाय चिमट्याने क्षणभर एकमेकांना जोडा. फक्त तेच दोन पाय. इथे वीज पाचच व्होल्टची, हाताला काही होत नाही, पण भलतीकडे जोड लागला तर बोर्ड जाईल. अक्षर उमटलं तर स्विच खराब, बोर्ड ठीक. नाही उमटलं तर स्विचला उगाच बदलू नका, रेघ तुटली आहे. त्या पायापासून रेघेवरच्या शेजारच्या चालत्या पायापर्यंत मल्टिमीटरने बीप ऐका, तुटलेली जागा सापडेल. लॅन केबलमधली एक बारीक तार आवरणासकट घेऊन दोन पायांमध्ये डाग द्या.

स्विच काढावाच लागला तर क्रम उलटा वाटेल असा आहे : आधी पायावर थोडं नवं सोल्डर लावा, मग गरम करा, मग पंपाने ओढा. जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही आणि लोक आयर्न दाबून धरतात. त्याने तांब्याची चकती बोर्डावरून उचलली जाते. ३२० ते ३५० अंश, प्रत्येक पायाला तीन सेकंदांहून जास्त नाही. दोन्ही पाय मोकळे हलताना दिसल्याशिवाय स्विच ओढू नका. नवा निळा स्विच मिळेपर्यंत स्क्रोल लॉकचा स्विच काढून तिथे बसवा. त्या बटणाची आठवण कुणाला येत नाही.

स्विचखाली लोखंडी पत्रा नसेल, म्हणजे स्विच थेट बोर्डावर बसलेले असतील, तर सोल्डर न काढताही स्विचचं झाकण दोन चिमट्यांनी उघडता येतं. पत्रा असेल तर झाकणाच्या कड्या पत्र्यात अडकतात, आधी स्विच काढावा लागतो.

आल्प्स जातीचा. याचं वागणं नेमकं उलटं. अल्कोहोल वरून सोडलं की धूळ आत वाहून जाते आणि दांडा खरखरीत होतो. हा स्विच जागेवरच, दोन पातळ पात्यांनी बाजूच्या कड्या दाबून उघडतो. सरकणारा भाग आणि झाकण साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आतली पत्री फक्त कोरड्या ब्रशने झटका. आतल्या भागांची मांडणी आधी फोटोत घ्या. एका वेळी एकच स्विच उघडा.

बकलिंग स्प्रिंग. आपल्याकडे क्वचित मिळतो, म्हणून दोनच गोष्टी. बटण दाबल्यावर टक् आवाज येत नसेल तर कॅप काढून, कीबोर्ड उभा धरून, स्प्रिंग नळीच्या मधोमध आहे हे बघून पुन्हा बसवा. आणि मॉडेल एम हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं तर मागच्या पत्र्याला धरणारी प्लास्टिकची रिव्हेटं तुटली आहेत. दोन-चार तुटली तर चालतं. ओळच्या ओळ गेली असेल तर तिथे छिद्र पाडून एम-२ चे बारीक नटबोल्ट लावतात. पेटी उघडायला साडेपाच मिलिमीटरचा लांब, बारीक नट ड्रायव्हर लागतो. जाडा पाना त्या खोल भोकात शिरत नाही.

सावधान : शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, डब्ल्यूडी-४०, यातलं काहीही स्विचमध्ये सोडू नका. दोन दिवस बटण लोण्यासारखं चालतं, मग तेल धूळ धरतं आणि संपर्कावर थर बसतो. वंगण फक्त मोठ्या बटणांच्या समतोल-तारेला, तेही सिलिकॉन ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं, तार प्लास्टिकला घासते तिथेच. निळ्या स्विचच्या आत तर वंगण नकोच, त्याचा टकटक आवाज मरतो.

चहा सांडलेला बोर्ड. आपला चहा दुधाचा आणि साखरेचा, म्हणून डाग दुहेरी. बोर्ड सुटा करून, टूथब्रश अल्कोहोलमध्ये भिजवून फक्त मागची बाजू घासा. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, ती राहिली तर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ब्रशला लावून पुसा आणि शेवटी परत अल्कोहोलचा हात द्या. नळाखाली धरू नका. हिरवट गंज दिसला तर खालची रेघ शाबूत आहे का ते मल्टिमीटरने बघूनच पुढे जा.

## टप्पा ७ : वाळवण आणि जोडणी

ओला झालेला बोर्ड उभा ठेवून ४८ तास. घाई असेल तर पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायरच्या गरम हवेखाली नाही. अवेळी पाऊस आला तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर.

जोडणीचा क्रम असा. आधी उघड्या बोर्डावर, कॅप न लावता पूर्ण चाचणी. कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने नव्या खुणा. सगळं बरोबर आलं तर समतोल-तारा, मग स्पेसबार आणि मोठी बटणं, मग बाकीचे कॅप फोटो बघून, शेवटी पेटी. पेटी आधी बंद करून नंतर चाचणी घेणारे लोक ती पेटी तीनदा उघडतात आणि प्लास्टिकचे आटे खाऊन टाकतात.

आट्यांसाठी एक सवय लावून घ्या. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा; एक बारीक टक् जाणवते, स्क्रू जुन्या आट्यात पडतो. तिथून सुलटा फिरवा. सरळ दाबून फिरवला तर तो नवा आटा पाडतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोक सैल. लागला की थांबा, अर्धा फेरा जास्त नको.

तपासणी : कॅप मोजून धुतले होते, तितकेच लागले का? ट्रेच्या खणात एकही स्क्रू उरला नाही ना? कीबोर्ड कानाशी हलवून काही वाजत नाही ना?

## टप्पा ८ : वापरात आणणं

टेबलावर थेट ठेवू नका. जुन्या घोंगडीचा दुहेरी तुकडा खाली घाला. बोर्डाचा पोकळ घणघणाट जातो आणि स्विचचा स्वतःचा आवाज उरतो. गल्लीतल्या घरांच्या भिंती लागून असतात, रात्री टाइप करणाऱ्यांनी तर हे करावंच.

जुन्या कीबोर्डाला बहुधा विंडोज बटण नसतं. इथे सीमाभागातल्या माणसाची खरी अडचण होते, कारण आपल्याला एकाच बैठकीत मराठी, कन्नड आणि इंग्रजी लागतं आणि विंडोज-स्पेस दाबून भाषा बदलायची सवय असते. डावा आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलेल असं सेटिंगमध्ये ठेवा. किंवा कॅप्स लॉकला त्या कामाला लावा. कळांची अदलाबदल करता येणारा कन्व्हर्टर असेल तर ते कीबोर्डच्या पातळीवरच होतं.

आणि मराठी-कन्नड दोन्हीसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळ-मांडणी, घ्या. दोन्ही लिप्यांत बाराखडी जवळजवळ त्याच जागी असते. ‘के’च्या बटणावर मराठीत क आणि कन्नडमध्येही क, ‘आय’वर दोन्हीकडे ग. बोटांना एकदाच शिकावं लागतं. मी प्रत्येक दुरुस्त कीबोर्डावर पहिला शब्द आपल्या गावाचाच टाइप करतो. मराठीत बेळगाव : वाय, एस, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी. मग भाषा बदलून कन्नडमध्ये तेच गाव : वाय, झेड, शिफ्ट-एन, आय, ई, बी, एफ. कन्नडमधला ऱ्हस्व ए ‘झेड’वर असतो म्हणून दुसरी कळ बदलते, आणि शेवटी ऱ्हस्व इकार येतो. बाकी बोटं त्याच वाटेने जातात. निळ्या स्विचवर ही दोन नावं पाठोपाठ उमटताना ऐकणं, यासाठीच मला हे काम आवडतं.

पहिले आठ दिवस रोज वापरा आणि कागद जवळ ठेवा. धुतलेल्या स्विचमध्ये उरलेला मळ या दिवसांत वर येतो, एखादं अक्षर पुन्हा दोनदा उमटायला लागतं. त्याला अल्कोहोलचा दुसरा डोस द्या. आठव्या दिवशी सगळी बटणं पुन्हा पाच-पाच वेळा दाबून तिसरी खूण करा.

वापर नसेल तेव्हा वरून सुती कापड टाका. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी घालून बांधू नका, आतला दमटपणा आतच राहतो आणि पत्रा गंजतो. शेवटी तो नकाशाचा कागद घडी करून पेटीच्या आत, बोर्डापासून दूर, चिकटपट्टीने लावा. कोणता स्विच कुठून आणून बसवला, कोणती तार कुठे जोडली, कोणत्या महिन्यात. पुढच्या वेळी पेटी उघडणारे तुम्ही असा किंवा दुसरं कुणी, त्याला सुरुवात पहिल्या फुलीपासून करावी लागणार नाही.